वाटी, पेला, तांब्या

"हात सोड."

टीचर एवढंच म्हणायची. पोरगी भिंतीवरच्या आडव्या पाइपाला टेकून उभी असायची. एक पाय हातानं टाचेला धरून पार कानापर्यंत नेलेला, तोंडावर जग जिंकल्याचं हसू, आणि समोर आईचा मोबाइल रोखलेला. टीचर शेजारी जाऊन उभी राहायची आणि आवाज न चढवता म्हणायची, "हात सोड." पोरगी हात सोडायची. कानाजवळचा पाय धाडदिशी कमरेच्या खाली यायचा. मग टीचर त्या खाली आलेल्या पायाकडं बोट करायची. "हा तुझा पाय. मघाचा होता तो हातानं उचललेला."

आयांना हे अजिबात खपायचं नाही. फोटो चांगला येत होता, तेवढ्यात या बाईनं घाण केली, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही खपायचं नाही.

मी राजारामपुरीत डान्स क्लास चालवते. खाली भांड्यांचं दुकान, दोन जिने चढून गेलं की वर आमचा लांबलचक हॉल. लेझीम, लावणी, फिल्मी गाणी, शाळेचं गॅदरिंग, लग्नातलं संगीत, जे मागाल ते मिळेल. पंचवीस वर्षं झाली. माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू जातो आणि मला त्याची लाज वाटत नाही. कोल्हापुरात हळू बोलून कुणाचं काही झालंय का कधी? मधेच पोरींच्या मोबाइलमध्ये बॅले आला. जी ती पोरगी चवड्यावर उभी राहायला लागली, जी ती आई विचारायला लागली, "मॅडम, तुमच्याकडं बॅले हाय का?" मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं, हाय की. आणि मग बॅले शिकवणारं माणूस शोधायला लागले.

टीचर आपणहून जिना चढून आली. हुपरीची. घरात पिढ्यान् पिढ्या चांदीचं काम, आई-बाप, काका-काकू सगळे पैंजण करणारे. ही मात्र मावशीकडं बेंगळुरूला राहून बॅले शिकून आलेली. अंगानं काटकुळी, मान ताठ, चालताना उजवा पाय किंचित ओढायची. वय असेल तेहतीस-चौतीस. दारातूनच म्हणाली, "ताई, बॅले शिकवायला कोण पायजे म्हणून ऐकलं."

मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "पोरींचे पाय किती दिवसांत वर जातील?"

"कुणाचे?"

"कुणाचेही गं."

"मग मला काय म्हाईत?" ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रागही आला. ठेवून घेतली. तिनं नळाच्या मिस्त्रीकडून भिंतीला आडवा पाइप लावून घेतला, आरसा पुसून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानातून पिशवी भरून भांडी घेऊन वर आली. वाट्या, पेले, तांबे. स्टीलची, साधी. मी म्हटलं, "अगं टीचर, बॅले शिकवणार हाईस का पंगत वाढणार हाईस?"

"दोन्ही नीट बसल्याशिवाय जमत न्हाय," ती म्हणाली.

तिची पद्धत सांगते. पोरींनी जमिनीवर पाय समोर सरळ पसरून बसायचं. टाचेशेजारी एक वाटी पालथी. पाठ ताठ, गुडघा वाकवायचा नाही, मागं कलायचं नाही, हातानं जमीन रेटायची नाही. पाय उचलून वाटीच्या या बाजूवरून त्या बाजूला न्यायचा आणि परत आणायचा. दहा वेळा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? करून बघा. वाटी बोटभर उंचीची असते आणि तिसऱ्या खेपेला मांडीत गोळा येतो. वाटी बिनतक्रार जमली की पेला. पेला जमला की तांब्या. महिनोन् महिने हेच. मग पाइपाजवळ उभं राहून तोच पाय हळूहळू उलगडत वर न्यायचा आणि हात न लावता, कंबर न उचलता, चार आकडे म्हणेपर्यंत तिथं ठेवायचा.

पाय मोकळा असणं वेगळं आणि तो वर धरून ठेवणं वेगळं, हे ती पोरींना परत परत सांगायची. मोकळा पाय कुणी उचलून दिला तर जातो वर. तिथं राहायला मात्र पोटातून, खुब्याच्या आतून जोर लागतो आणि तो जोर ज्याचा त्यालाच कमवावा लागतो. "आज केसभर वर गेला तरी बास," म्हणायची. आता मला सांगा, केसभर वर गेलेल्या पायाचं आयांनी करायचं काय?

पण आमच्या आया काही कमी नव्हत्या. त्यांनी भांड्यांचीच इयत्ता करून टाकली. जिन्यात उभ्या राहून बोलायच्या, "तुमची कुठं हाय?" "पेल्याला." "आमची गेल्याच आठवड्यात तांब्याला गेली." मग पेलावालीचं तोंड एवढंसं. एक बाई तर इतकी पेटली की तिनं घरी थेट पाण्यानं भरलेली घागर ठेवली पोरीच्या पायाशी. पोरीनं पाय उचलला तो घागरीलाच लागला आणि पाणी शेजारच्यांच्या उंबऱ्यात. शेजारणीशी दोन दिवस भांडण. टीचरला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की पाइपाला धरून उभी राहिली. मी तिला तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

तिचं एक वागणं मात्र सगळ्यांना खटकायचं. ती कधी खाली बसायची नाही. पोरींना जमिनीवर बसवायची आणि स्वतः उभी, नाहीतर खुर्चीत. एकदा आम्ही सगळे, पोरी, आया, बाप, एका पालकांच्या शेतावर जेवायला गेलो. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, झाडाखाली पंगत. ही बसेनाच. ताट हातात घेऊन ट्रॅक्टरला टेकून उभ्यानं जेवली. झालं! बायकांना तेवढंच पाहिजे होतं. "शिष्ट हाय." "बेंगळुरूला ऱ्हाऊन आलीया न्हवं, भुईवर कशी बसंल?"

सोमवारी मी तिला झाडलंच. "अगं टीचर, चार बायका बसल्यात तर आपण बसावं की. एवढा कसला माज?"

"माज न्हाय ताई. मांडी घालता येत न्हाय मला."

 ती आरशाकडं बघत बोलत होती. "सोळा वर्षांची होते. परीक्षा होती. सर म्हणाले, अजून थोडा वर जायला पायजे. मी म्हणलं, दुखतंय. त्यांनी माझी टाच खांद्यावर घेतली आणि उभे ऱ्हायले."

"मग?"

"गेला की पाय वर. फोटो हाय माझ्याकडं. लई भारी आलाय."

एवढं बोलून ती वाट्या मांडायला गेली. त्या दिवसापासून मी तिला खुर्ची स्वतः आणून द्यायला लागले. माझ्याबद्दल सांगण्यासारखी चांगली गोष्ट एवढीच आहे, म्हणून सांगितली.

त्या बॅचमध्ये तनू होती. आमच्या हॉलच्या मालकांची धाकटी. तेरा वर्षांची, उंच, लांबसडक हातपाय, बोलायची कमी. मालक मूळचे बिद्रीकडचे, इथं येऊन त्यांनी खडी-वाळूचा धंदा उभा केलेला. माणूस दिलदार. कुणाच्याही लग्नाला पहिले हजर, कुणाच्याही दवाखान्यात पहिले हजर. पोरीवर तर जीव ओवाळून टाकायचे. फक्त त्यांना थांबणं माहीत नव्हतं. जे ठरवलं ते आजच्या आज.

टीचर तनूबद्दल मला एकदाच म्हणाली, "ताई, हिचा पाय जाणार. दोन वर्षं कुणी मधी पडू नका."

तनू वर्षभर वाटी आणि पेला करत राहिली. कधी कुरकुर नाही. टीचर विचारायची, "दुखतंय का?" तर म्हणायची, "न्हाय, मी करतो की." आमच्या पोरी अशाच बोलतात, करतो, जातो. एक दिवस तिनं तांब्या पार केला. दहाच्या दहा वेळा, पाठ न हलवता. मग पाइपाजवळ उभी राहिली, पाय उलगडत वर नेला, हात सोडलेला, पाय कमरेच्या चांगला वर. टीचर आकडे म्हणत होती. एक, दोन, तीन, चार. पाय तिथंच. थरथरत होता, पण तिथंच. टीचर खिडकीकडं तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ वळली नाही. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "काय न्हाय. धूळ हाय." खिडकी बंद होती.

त्याच महिन्यात तनूचा वाढदिवस आला. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको, आमच्याकडं वाढदिवस म्हणजे चौकात डिजिटल. फ्लेक्सला आम्ही डिजिटलच म्हणतो. मालकांनी दोन मजली उंचीचं लावलं. मधोमध तनू, एक पाय हातानं धरून कानाला लावलेला, चुलतभावानं घरी काढलेला फोटो. खाली बापाचे, चुलत्यांचे, मामांचे गॉगल घातलेले चेहरे ओळीनं. आणि वर अक्षरं, 'करवीरची बॅले क्वीन'. तनू आठ दिवस तोंडाला स्कार्फ बांधून मागच्या बोळातून क्लासला येत होती.

टीचर बसमधून उतरली ती थेट त्या डिजिटलखाली. वर आली तेव्हा मालक हॉलमध्येच होते, छाती फुगवून. म्हणाले, "बघितलं का टीचर? कसं वाटलं?"

"मालक, त्यात हात छापलाय बघा," टीचर म्हणाली.

"हात तिचाच हाय की!" मालक हसले. मीही हसले. सगळे हसले. ती नाही हसली.

पुढं दीड महिन्यानं बेंगळुरूच्या एका बॅले शाळेत निवड होती. निवडल्या गेलेल्या मुलींनी तिथं राहून शिकायचं. त्यासाठी व्हिडिओ पाठवायचा होता आणि व्हिडिओत पाय हात न लावता बाजूला वर न्यायचा होता. मालकांना हे कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी त्या दिवशीच सगळ्या पै-पाहुण्यांत सांगून टाकलं की तनू बेंगळुरूला चालली. मग व्हिडिओचं बघायला ते क्लासवर आले. तनूनं पाय वर नेला, कमरेच्या वर, चार आकडे.

मालक बघत राहिले. "एवढाच?"

"एवढाच," टीचर म्हणाली. "पुढच्या वर्षी पाठवू. तोवर अजून जाईल. आणि जाईल तो तिचा तिनं नेलेला असंल."

"पुढच्या वर्षी? अवो, डिजिटलवर पाय कानाला आणि व्हिडिओत कमरेला? गावात तोंड दाखवू का नको मी?"

"डिजिटल तुम्ही लावलंय मालक."

असं कुणी मालकांना बोलत नसे.  ते गेल्यावर मी टीचरला म्हटलं, "बघ की गं जरा जोर लावून. थोडा तरी जाईल वर."

"ताई, जोर तिनं लावायचा. आपण न्हाय."

त्यानंतर आठ दिवसांनी टीचरच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती चार दिवस हुपरीला गेली. जाताना एका कागदावर सगळं लिहून भिंतीला चिकटवून गेली. कुणी वाटी करायची, कुणी पेला, किती वेळा, मधे विश्रांती किती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'कुणीही कुणाच्या पायाला हात लावायचा नाही.'

शुक्रवारी दुपारी तीनला मालक तनूला घेऊन आले. हॉल रिकामा होता, बाकी पोरी पाचला यायच्या. म्हणाले, "टीचर न्हाय तर तुम्ही बघा की मॅडम. तुम्ही पण एकेकाळच्या जिम्नॅस्टिकवाल्या. ती बाई उगीच घाबरवत्या."

आता इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी शाळेत असताना जिम्नॅस्टिक करायचे, हे खरं. आमचे सर दोन पोरींना तिसरीच्या गुडघ्यावर बसवायचे आणि पाय मोकळे करायचे. आम्ही रडायचो आणि दुसऱ्या दिवशी परत जायचो. आमचं काही बिघडलं नाही, असं मी पंचवीस वर्षं सांगत आले होते. आणि मालक मला म्हणत होते की तुम्हाला येतं. वर्षभर सगळ्या आया 'टीचर, टीचर' करत होत्या, माझ्या हॉलमध्ये, माझ्या क्लासमध्ये. मला कुणी काही विचारत नव्हतं. माझं डोकं फिरलं म्हणा, फुगलं म्हणा.

तनूला पाठीवर झोपवलं. मालकांनी तिचा डावा गुडघा जमिनीला दाबून धरला. मी उजव्या पायाची टाच खांद्यावर घेतली आणि पुढं रेटायला लागले.

"मॅडम, दुखतंय," ती म्हणाली.

"दुखणारच. दुखल्याबिगर मोकळं होतंय व्हय?"

"पप्पा, लई दुखतंय."

"थोडंच ऱ्हायलंय बाळा. लावा की जोर, मॅडम."

मी लावला. सुपारी फुटावी तसा आवाज आला. पोरगी ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला आणि तसाच धरून राहिली. तिचा पाय कानाला लागला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला होता. मला वाटलं, जमलं! मग मी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, एकदम जोर आल्यानं खुब्याच्या खोबणीची कडा फाटली आहे. मालकांनी त्यांना सांगितलं, पोरगी जिन्यात पडली. मी शेजारी उभी होते. बाहेर आल्यावर मालक खांब धरून रडले. एवढा थोरला माणूस, हमसून हमसून रडला. मग डोळे पुसले आणि मला म्हणाले, "मॅडम, ह्यातलं कुठं बोलायचं न्हाय. बापानं पोरीचा पाय मोडला म्हणतील लोक." माझं काय म्हणतील ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. हॉलचा करार संपत आला होता आणि तो वाढवणं त्यांच्या हातात होतं, तेही मला न सांगता कळत होतं.

मंगळवारी पाच वाजता पालकांची बैठक भरली. शनिवार-रविवारात गावभर झालं होतं की तनूचा खुबा गेला. टीचर हुपरीच्या बसमधून उतरून तशीच वर आली, हातात पिशवी. तिला काहीच माहीत नव्हतं. दारात तिनं विचारलं, "तनू कुठाय?"

मालक उभे राहिले. त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही, सगळ्या पालकांकडं बघत बोलले. "वर्षभर ह्या बाईनं वाट्या आन् तांबे ओलांडायला लावले. रोज. तेनंच माझ्या पोरीचा खुबा झिजला. डॉक्टरांनी सांगितलंय."

आणि मग काय विचारता! ज्या बाया जिन्यात तांब्याच्या बढाया मारायच्या त्याच सुरू झाल्या. "आमची पण पाय धरून बसत होती बघा." "आम्हाला पयल्यापास्नंच शंका हुती." "स्वतः कधी बसली का हो ती खाली? पोरीस्नी तेवढं राबवायचं." घागरवाली सगळ्यांत पुढं होती.

टीचर शांतपणे ऐकत होती. मालकांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. माझ्या तोंडावरच असेल. ती म्हणाली, "एका दिवसात झालंय हे. झिजलेलं न्हाय. कुणीतरी रेटलंय." मग मला विचारलं, "ताई, मी जाताना कागद लावून गेलते. गेले चार दिवस मी इथं होते का?"

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालक खाली फरशीकडं बघत होते. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. ती नव्हती. मी होते. दोन वाक्यं.

मी म्हणाले, "आता कोण कुठं होतं ते उकरून काय उपयोग? आधी पोरीचं बघू या."

किती शहाण्यासारखं बोलले बघा! सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजोबा तर म्हणाले, मॅडमचं बरोबर हाय.  टीचरनं कोपऱ्यातली भांडी गोळा केली, फडक्यानं एकेक पुसली आणि पिशवीत घालून खाली दुकानदाराला देऊन आली. मग भिंतीवरचा कागद काढला, घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरून गेली. सावकाश, एकेक पायरी. मी वरून बघत होते. हाक मारायला मला चांगला पाऊण मिनिट मिळालं. माझा एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी तो फुटला नाही.

नंतर तिनं शहरातल्या दोन शाळांत विचारलं म्हणे. पण तोवर गोष्ट तिच्या आधी पोचलेली असायची. 'वाटीवाली बाई, पोरीचा खुबा मोडणारी.' दर खेपेला गोष्टीत एखादी पोरगी वाढायची. शेवटी तर तीन पोरी अपंग केल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं, भाजी घेताना. भाजीवालीला मी म्हटलं, "व्हय का? बाई बाई!" म्हणजे बघा, गप्प राहून भागलं नाही, मी त्या आगीत माझं तेलही ओतलं.

हॉलचा करार वाढला. बॅलेच्या वेळेत आता झुंबा असतो. तनूचं ऑपरेशन झालं. चालते नीट. नाच सुटला. मांडी घालून बसत नाही. मालकांनी तिला नवी भारीतली सायकल घेऊन दिली, पण तनू ती चालवत नाही. एकदा देवळाबाहेर भेटली मला. बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, टीचरचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"कशाला गं?"

"सॉरी म्हणायचंय. मी गप्प बसलो ना तेव्हा."

तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला सॉरी म्हणायचं होतं. दोन मोठ्या माणसांनी तिला दाबून धरून रेटलं होतं आणि सॉरी ती म्हणणार होती. मी म्हणाले, "न्हाय गं, नंबर बदलला वाटतं तिनं." नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. अजून आहे. मला भीती वाटली की दोघी बोलल्या तर माझं नाव येईल.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं कळतंय तर ही बाई आता तरी काहीतरी करेल. मलाही तसंच वाटायचं. कधीतरी हुपरीला जाऊ, तिच्या दारात उभं राहू, पाया पडू. ते सोपं होतं, कारण त्यात ऐकणारं कुणी तिसरं नव्हतं.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. सांगलीहून एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. आवाज चांगला होता, समजूतदार. म्हणाल्या, "आमच्याकडं बॅले शिकवायला एक बाई आल्यात. शिकवणं फार आवडलं आम्हाला. पण कोल्हापुरात एका मुलीला इजा झाली असं कानावर आलंय. आम्ही त्यांना सरळच विचारलं. तर त्या म्हणाल्या, मी सांगून तुम्हाला पटणार नाही, या ताईंना विचारा. त्या त्या वेळी हजर होत्या. त्या खरं सांगतील."

माझा नंबर तिनं स्वतः दिला होता. एवढं सगळं होऊन, अख्ख्या कोल्हापुरात तिला खरं बोलेल असं वाटणारं माणूस मीच होते.

हॉलमध्ये मी एकटी होते. मालक नव्हते, आया नव्हत्या. ऐकणारी ती एकच बाई, तीही सांगलीला, आणि तिला खरंच ऐकायचं होतं. मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येईल बाहेर. आणि माझ्या तोंडातून आलं, "त्यातलं मला काही सांगता येणार नाही हो. मी त्या दिवशी हॉलवर नव्हते."

"नव्हता?"

"नाही. बाहेरगावी गेले होते."

 "बरं, थँक्यू," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. सांगलीहून परत फोन आला नाही. टीचरचाही आला नाही, शिव्या घालायलासुद्धा नाही.